वारा लागू नये म्हणून

४ जानेवारी, रविवार

यार्डातून दर वर्षी नवी डायरी मिळते. पहिल्या पानावर 'गणू घरत, सुपरवायझर' असं लिहायचं आणि डायरी कपाटावर टाकायची, हा माझा नेम. रिटायर झालो तरी यंदाही कोणीतरी आठवणीने पाठवली. आज पहिल्यांदाच दुसरं पान उघडलंय, कारण घरात बोलायला कोणी नाही.

काल आमची लेक दिपिका बाळंत झाली. मुलगी झाली, तीन आठवडे आधीच. दोघी सुखरूप आहेत. बाळ बारीक आहे पण आवाज लग्नातल्या लाऊडस्पीकरचा.

अडचण एकच, दिपिकाची आई, दमयंती, मस्कतला आहे. तिकडे आमच्या मुलाची, परेशची बायको समीक्षा याच महिन्यात बाळंत होणार, म्हणून ती गेली. सुनेचं उरकून ती फेब्रुवारीत परत येणार आणि मग लेकीचं करणार, असा बेत होता. सगळं सगळ्यांना विचारून ठरवलं, फक्त बाळाला विचारायचं राहिलं.

आज हॉस्पिटलात दिपिका माझा हात धरून म्हणाली, "बाबा, मला आपल्या घरी यायचंय." पहिलं बाळंतपण माहेरी, यात विचारायचं काय? "ये की," म्हणालो. मग खाली पार्किंगमध्ये आलो आणि गाडीला टेकून उभा राहिलो. मला चहा करता येतो, अंडं उकडता येतं. पुढचं काही येत नाही.

५ जानेवारी, सोमवार

सकाळी उरणहून विहीणबाईंचा फोन. कुमुदबाई म्हणजे आमच्या जावयाची, कुंदनची आई. बाई सरळ आहे पण जिभेला ब्रेक नाही.

"व्याही, आयकून घ्या. बालंतपन बाप्याचं काम नाय. पोरीला उरनला धाडा, मी हाय."

"पोरगी माहेरी येनार. शब्द दिलाय मी."

"शब्दानं दूद येतं काय? पथ्य कोन बगल? आंबट नाय द्याचं, येक फोड पन नाय. वारा नाय लागला पायजे. शेक येक दिस चुकला तरी जल्माचं दुखनं. पथ्य मोडलं ना व्याही, तर बालावर जातं."

बालावर जातं म्हणताना तिचा आवाज जरा वेगळा झाला. मला त्याचा रागच आला. तीस वर्षं न्हावा शेव्याच्या बाजूला कंटेनर यार्ड सांभाळलं, एक पोरगं जायबंदी होऊ दिलं नाही, आणि एक बाळंतीण सांभाळता येणार नाही? आता तर करूनच दाखवणार.

दुपारी मस्कतला फोन लावला. दमयंतीने तासभर शिकवलं. डिंक, अळीव, सुंठ, बाळंतशोपा, बाळंतकाढा. मोरी मासा दुधासाठी, चिखलातले निवटे मासे ताकदीसाठी. आणि शेगडी. अंघोळीनंतर बाळंतिणीला बाळासकट बाजेवर निजवायचं, बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवायची, त्यावर ओवा, शोपा, वेखंड, लसणाची सालं टाकून धुरी द्यायची. हाडं शेकतात, अंग भरून येतं. दमयंतीच्या दोन्ही बाळंतपणांत माझ्या आईने असंच केलं होतं.

पण बाज आणायची कुठून? आमच्या फ्लॅटमध्ये सगळे बॉक्सचे पलंग, त्यांच्या पोटात गाद्या. जुनी बाज आमचं गाव विमानतळासाठी घेतलं तेव्हा कोणाला तरी देऊन टाकली. शेवटी नेरे गावातल्या चुलतभावाची, शिवाची आठवण झाली. तो फार्महाऊस भाड्याने देतो आणि तिथे अंगणात सुंभाची बाज आहे, शनिवार-रविवारी येणाऱ्या लोकांना फोटो काढायला. "गणूदादा, ती डेकोरेशनची हाय," म्हणाला. मी म्हटलं, तुझी आजी डेकोरेशनवर बाळंत झाली होती काय? बाज टेम्पोत टाकून आणली. लिफ्टमध्ये मावेना, जिन्याने चढवली. कंबर गेलीच. पण बाज आली.

६ जानेवारी, मंगळवार

लेक घरी आली. भाकरतुकडा ओवाळून टाकला. तो कसा टाकायचा हे शेजारच्या प्रांजलच्या आईला विचारून घेतलं होतं.

न्हाऊ घालायला वेणूबाई येतात, आमच्या करंजाड्यातच आणखी चार घरी जातात. हात चांगला आहे. दोघींना चोळून, कढत पाण्याने न्हाऊ घालून त्या पुढच्या घरी पळतात. जाताना म्हणाल्या, "दार घट लावा काका, वारा शिरला की संपलं."

त्यापुढे माझं काम. शेगडी गॅलरीत पेटवायची, कोळसा लाल झाला की आत बाजेखाली सरकवायची, धुरीचं टाकायचं आणि लगेच बाहेर यायचं. लेक शेक घेत असताना बाप खोलीत कसा थांबेल? बाहेरून दार ओढून घ्यायचं आणि आपण स्वयंपाकघरात जायचं.

वाऱ्याचा बंदोबस्त मात्र मी असा केलाय की दमयंतीलाही जमला नसता. खिडकी ॲल्युमिनियमची, सरकती. तिच्या फटीत रबराची पट्टी ठोकली. एसीच्या भोकात कापड कोंबलं. दाराच्या फटीला चादर गुंडाळून लावली. खोली कंटेनरसारखी पॅक केली. दमयंतीला व्हिडिओवर दाखवलं. ती म्हणाली, "आता बरे शिकलाव."

७ जानेवारी, बुधवार

आज पाचवी. कुमुदबाई उरणहून आल्या. पाचवीला पाटा-वरवंटा पुजतात. आमच्याकडे मिक्सर. मी मिक्सर पुसून, हळदकुंकू घेऊन तयार होतो. बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मिक्सरसुद्धा ओशाळला असता. मग पिशवीतून स्वतःचा छोटा पाटा काढला.

पण शेगडीला नावं ठेवायला जागा मिळाली नाही. खिडकीची पट्टी बोटाने दाबून बघितली, दाराची चादर बघितली. "बेस केलाव," म्हणाल्या. माझी छाती फुगली.

एक गंमत लिहून ठेवतो. शेगडी आत नेली तशा त्या उठल्या आणि गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या, रस्त्याकडे तोंड करून. शेक संपेपर्यंत आत आल्याच नाहीत. दमा असेल, किंवा धूर सोसत नसेल. मला शिकवायला आल्या आणि स्वतःला धूर चालत नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

डिंकाचे लाडू. पहिला घाणा वाया गेला. डिंक तुपात फुलतो हे माहीत होतं, तूप आधी चांगलं तापावं लागतं हे माहीत नव्हतं. बाहेरून तपकिरी, आत कच्चा. एक खाऊन बघितला तर दात चिकटले. दमयंती मस्कतहून हसत सुटली. "थोडा थोडा टाका, लाही फुटते तसा फुटला पायजे." दुसरा घाणा जमला. खारीक, खोबरं, गूळ, जायफळ. दिपिकाने दोन खाल्ले आणि म्हणाली, "बाबा, आईपेक्षा भारी." खोटं बोलली, पण ऐकायला बरं वाटलं.

मोरी आणली, लसूण-मिरीचं पातळ कालवण केलं. अळिवाची खीर रोज सकाळी. दूध येतंय. बाळ बिलगतं.

शेकल्यावर दिपिकाचं डोकं दुखतं. बाळंतवारा डोक्यात शिरला असणार. उद्यापासून कोळसा वाढवतो.

१२ जानेवारी, सोमवार

आज चिडलो. शेक झाला तसं मी निवट्यांचं कालवण ताटात वाढलं, तर ही खोलीत नाही. बाळाला घेऊन गॅलरीत बसलेली! थंडी पडलीय, वरून विमानं जातायत, आणि ओली बाळंतीण वाऱ्यात.

"बाबा, आत सफोकेट होतं. डोकं फुटतं. इथे आलं की दहा मिनिटांत बरं वाटतं."

"तुला बरं वाटतं, हाडांना वाटत नाय. म्हातारपणी आठवशील."

"मळमळतं पण. खाल्लेलं वर येतं."

"अंगात उष्णता कमी पडलीय. चल आत."

आत आली. माझ्या लेकीची जात ऐकणारी आहे. नंतर उशीत तोंड खुपसून रडली. बाळंतपणात मन हळवं होतं म्हणतात. मी दारात उभा राहिलो, पाठीवर हात ठेवावा की नको ते कळेना, शेवटी एक लाडू ठेवून आलो.

बाळ मात्र गुणी. सकाळी रडरड, पण शेगडी-धुरी झाली की असं गाढ झोपतं की दुधालाही उठवावं लागतं. गाल लालबुंद. दमयंतीला फोटो पाठवला.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. प्रांजलची आई तिळगूळ घेऊन आली. म्हणाली, पहिली संक्रांत, बाळाचं बोरन्हाण करा, रथसप्तमीपर्यंत कधीही चालतं. एवढ्या तान्ह्या बाळावर बोरं ओतायची नाहीत, नुसती भोवती ठेवायची आणि शेजारची पोरं लुटतील. मला कल्पना आवडली. उत्साहाने उरणला फोन केला.

कुमुदबाई एकदम म्हणाल्या, "बोरं नाय आनायची घरात."

"बालंतीन कुठं खातेय? पोरांसाठी..."

"नाय सांगतंय ना. बालंतिनीच्या घरात बोरं नाय. शेक चालू हाय ना? मंग तो बगा."

आणि फोन ठेवला. आता आमच्या आगऱ्यांत कुठल्या घरी बोरांचं वावडं असतं? हट्टी बाई आहे. बोरं आणली नाहीत, उगाच सणाला भांडण नको.

दिपिका आज फार बोलली नाही. भाकरी अर्धी टाकली.

१७ जानेवारी, शनिवार

आजचं लिहितो. लिहिलं नाही तर उद्या मीच मला वेगळं काहीतरी सांगेन.

सकाळी थंडी जास्त होती म्हणून शेगडी भरून कोळसा घातला. आत ठेवली, दार ओढलं, चादर सारली. खीर ढवळत बसलो. शेक संपायची वेळ झाली तसं दार वाजवलं. "दिपू, खीर झाली." उत्तर नाही. झोपली असेल म्हणून थांबलो. परत वाजवलं. बाळाचाही आवाज नाही. लेक शेकायला पडलेली, आत कसं जायचं, म्हणून मी दाराशी उभा राहिलो. किती वेळ उभा राहिलो ते लिहायला मला लाज वाटते.

शेवटी डोळे खाली घालून आत गेलो. धूर काही फार नव्हता. धुरी कधीच विझलेली, नुसते निखारे लाल. दिपिका कुशीवर पडलेली, डोळे अर्धे उघडे. "बाबा, उठताच येत नाही," एवढंच बोलली, ते पण जड जिभेने. बाळ तिच्या पोटाशी. गाल लाल, आणि हात उचलला तर कापडासारखा खाली पडला.

मी वाकलो आणि माझंच डोकं गरगरलं. कानात घण पडायला लागले. त्या क्षणी मला यार्ड आठवलं.

यार्डात औषध फवारून आलेले बंद कंटेनर यायचे. नवीन पोरगं आलं की त्याला माझं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. आधी दार उघड, मग चहा पिऊन ये, आणि मग आत जा. आतली हवा दिसत नाही, तिला वास नसतो, ती माणसाला झोपवते. तीस वर्षं हे मी दुसऱ्यांच्या पोरांना सांगितलं. आणि माझी लेक मी स्वतः कंटेनरमध्ये पॅक केली, सील मारलं आणि बाहेर खीर ढवळत बसलो.

खिडकीची पट्टी नखांनी ओरबाडून काढली. बाळाला उचलून गॅलरीत नेलं, मग दिपिकाला काखेत धरून ओढलं. मी हाक मारली तसं शेजारच्या प्रांजलने गाडी काढली. वाटेत सगळ्या काचा खाली. बाळ कळंबोलीच्या सिग्नलपाशी रडलं. एवढा गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नाही.

१८ जानेवारी, रविवार. हॉस्पिटल

दोघींना काल दिवसभर ऑक्सिजन लावला. दोघी शुद्धीवर आहेत, बाळ दूध पितंय. वाचल्या.

डॉक्टर रुचिरा म्हणून तरुण बाई आहेत. पहिलाच प्रश्न, "घरात कोळसा पेटवता?" मी सगळं सांगितलं, रबराच्या पट्टीसकट. रागावतील वाटलं होतं, रागावल्याच. कोळशाचा गॅस रक्तात भिनतो, डोकेदुखी, मळमळ, सुस्ती ही त्याचीच खूण. बाळ शांत झोपत नव्हतं, गुंगीत जात होतं.

मी विचारलं, "आमच्या आईने केलं तेव्हा कसं काही झालं नाही?"

"घर कसलं होतं?"

"कुडाचं. वर कौलं."

"मग धूर आणि गॅस कौलांतून निघून जात होता काका. तुमचा फ्लॅट श्वास घेत नाही."

बाकी लाडू, खीर, मासे चालू ठेवा म्हणाल्या, चांगलंच आहे सगळं. पाणी हवं तेवढं द्या. शेकायचं तर गरम पाण्याच्या पिशवीने. खिडकी उघडी. शेगडी घरात दिसता कामा नये.

नऊ तारखेचं आणि बारा तारखेचं पान आज परत वाचलं. सगळं मीच लिहिलंय. डोकं दुखतं, गॅलरीत बरं वाटतं, बाळ उठत नाही. लिहिलं मी, आणि वाचता आलं नाही मलाच.

१९ जानेवारी, सोमवार

कुंदन रात्रपाळी करून थेट आला. त्याला सगळं खरं सांगितलं. चांगला पोरगा, उलट मलाच चहा आणून दिला, ते जास्त लागलं. पण उरणला आणि मस्कतला आम्ही सांगितलंय की बाळाला थोडी कावीळ आहे, म्हणून ॲडमिट. हे दिपिकाने सुचवलं. "बाबा, सासूबाईंना कळलं ना, तर त्या तुम्हाला आयुष्यभर ऐकवतील. आणि मला लगेच नेतील. मला इथेच राहायचंय."

एवढं होऊनही तिला माझ्याकडेच राहायचंय. मी मान हलवली. हलवायला नको होती की काय, कळत नाही.

२२ जानेवारी, गुरुवार

काल घरी आलो. पट्ट्या, चादर, कापड, सगळं काढून टाकलं. खिडकी सताड उघडी. दिपिका पोटभर जेवली, कितीतरी दिवसांनी हसली.

आणि आज न सांगता कुमुदबाई दारात. खाली कुंदनच्या मामाची गाडी. गाडीत काय, तर त्यांची मोठी शेगडी आणि कोळशाची गोण.

आल्या त्या थेट खोलीत गेल्या. उघडी खिडकी बघून किंचाळल्याच. "ह्ये काय व्याही! म्हनून कावील झाली. वारा लागला. शेक कमी परला. मी आदीच बोल्ली व्हती, बाप्याचं काम नाय." मग सुनेला, "चल ग पोरी. उरनला मी दोन टायमाला शेकतंय तुला. आपली खोली स्लॅबची हाय, कापूस कोंबला का वाऱ्याचं नाव नाय."

दिपिकाचा चेहरा पांढरा पडला. ती माझ्याकडे बघून हळूच नकारार्थी मान हलवत होती. सांगू नका म्हणत होती.

खरं सांगतो, एक क्षण मनात आलं, जाऊ दे, कुंदन तिकडे बघेल, त्याला माहीत आहे. माझी अब्रू राहील. मग डोळ्यांपुढे कुंदनची रात्रपाळी आली आणि दोन टायमाची शेगडी आली.

"विहीनबाई, कावील नव्हती," मी म्हणालो. "बसा."

त्या बसल्या नाहीत. मी उभ्याउभ्याच सांगितलं. पट्टी कशी ठोकली, पोरगी डोकं दुखतं म्हणाली तेव्हा कोळसा कसा वाढवला, गॅलरीतून तिला आत कसं आणलं. बाळाचा हात कसा खाली पडला. काही गाळलं नाही. "तुमी मना काय बोलायचं ते बोला. जल्मभर बोला. पन ती शेगडी गाडीतून खाली उतरनार नाय, आनि उरनला पन पेटनार नाय. पेटवायची असंल तर पोरगी हतून हलनार नाय."

मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. पण बाई बाजेच्या काठावर बसल्या. उघड्या खिडकीकडे बघितलं. मग विचारलं, "बालाचे गाल कसे व्हते?"

"लाल," मी म्हणालो.

"आनि गप निजायचा? म्हंजी निजायची?"

"शेगडी झाली की गाढ झोपायची. आमी गुनी म्हनायचो."

त्यांनी पदर तोंडाला लावला. कुंदनच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता. हे दिपिकालाही माहीत नव्हतं. उरणमध्ये नवऱ्याला नोकरी लागली आणि त्यांनी भाड्याने स्लॅबची नवी खोली घेतली. घराण्यातला पहिला स्लॅब. एकच खिडकी, तिला सासूने गोणपाट लावलं. पौषाची थंडी. पोर शेगडीच्या शेकात निजलं ते उठलंच नाही. गाल लाल होते, बाया म्हणाल्या किती टवटवीत दिसतंय.

"आदल्या दिशी मी बोरं खाल्ली व्हती," कुमुदबाई ओंजळ पुढे करून म्हणाल्या. "व्हंजलभर. दारावर आली व्हती, मन झालं. सासूनं बिया बगितल्या. बोल्ली, पथ्य मोडलंस, दूद नासलं तुजं, तूच मारलंस पोराला. घरातली समदी तेच बोल्ली. मालक पन." मग माझ्याकडे वळून, लहान मुलीच्या आवाजात, "व्याही, म्हंजी माजं दूद नवतं काय?"

मी कोण सांगणारा? डॉक्टर नाही, काही नाही. पण त्या तोंडाकडे बघून दुसरं उत्तर देणं शक्य नव्हतं.

"नव्हतं," मी म्हणालो.

मग त्या रडल्या. मोठ्याने, तोंड न झाकता. दिपिकाने बाळ माझ्या हातात दिलं आणि सासूला कवेत घेतलं. मीही रडलो. बाळाला भूक लागली होती, ते पण रडायला लागलं. घरात एकच गोंधळ. खाली मामा हॉर्न वाजवत होता.

२३ जानेवारी, शुक्रवार

डॉक्टर रुचिरांना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, इतक्या वर्षांनी नक्की कारण कोणीच सांगू शकणार नाही, पण बंद खोलीत कोळसा म्हणजे शक्यता तीच वाटते. "आणि बोरं खाऊन आईचं दूध नासत नाही, हे मात्र शंभर टक्के सांगा त्यांना." स्पीकरवर होतं. कुमुदबाई ऐकत होत्या. ऐकून झालं तशा उठून भांडी घासायला लागल्या. घासलेलीच भांडी परत घासली.

त्या इथेच राहिल्यात. गाडी रिकामी पाठवली, नव्हे, शेगडी आणि कोळसा घेऊन पाठवली. "पोरीला सव्वा महिना माहेरीच ठेवा," म्हणाल्या, "मी हतं ऱ्हाते. लाडू तुमी करा. तुमचा डिंक माज्यापेक्षा बरा फुलतो." एवढं कौतुक पेलवेना म्हणून मी बाजारात निघून गेलो.

मस्कतला फोन केला आणि दमयंतीलाही सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "शेगडी मीच सांगितली व्हती तुमाला." मी म्हटलं, तू कौलाखालची सांगितलीस, मी ती डब्यात पेटवली. ती म्हणाली, "समीक्षाच्या आईनं मला फोनवर कोळसा आणायला सांगितलाय. इकडे तर एसीच्या खोल्या." आणि तो आता आणायचा नाही, हे तिलाच सुचलं, मला सांगावं लागलं नाही.

वेणूबाईंना मी आणि कुमुदबाईंनी मिळून बसवून सांगितलं. त्यांच्या बाकीच्या चार घरांतल्या दोन घरी शेगडी चालू आहे. उद्या सकाळी आम्ही दोघं तिथे जाणार. लोक म्हणतील, हा म्हातारा कोण शहाणा. म्हणू दे. मी स्वतःचीच गोष्ट सांगणार आहे. कुमुदबाई म्हणाल्या, "माजी पन सांगते."

२५ जानेवारी, रविवार

रथसप्तमी. काल गेलो होतो त्यातल्या एका घरी दार आपटलं, दुसऱ्या घरी खिडकी उघडली. पहिल्या घरी उद्या परत जाऊ.

सकाळी वेणूबाई न्हाऊ घालून गेल्या. दिपिका गरम पाण्याची पिशवी कमरेला घेऊन बाजेवर पडली होती. शिवाचा फोन, बाज कधी देतोस, गिऱ्हाईक फोटोला विचारतंय. सांगितलं, गिऱ्हाइकाला जमिनीवर बसव.

कुमुदबाईंनी चहा केला. आम्ही दोघं तो गॅलरीत उभ्याने प्यायलो, आत खिडकी आहे की नाही उघडी ते बघत. आता ही सवयच झालीय, दार उघडायचं, चहा प्यायचा आणि मग आत जायचं. बाळ आत कोकलत होतं. गुणीपणा पार गेलाय तिचा.

कप खाली ठेवून बाई म्हणाल्या, "व्याही, आज बोरन्हान चालतं ना?"

"चालतं. शेवटचा दिस."

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"मंग बाजारात जाऊन या. पोरांना वाटायला बोरं आना," म्हणाल्या. "आनि मना व्हंजलभर येगली. आंबट बगून आना."